टोकाची गोष्ट

रॅफल्स प्लेस म्हटलं की डोळ्यांसमोर बँका येतात. दुपारी बाराच्या सुमारास उंच इमारतींतून गळ्यात पास अडकवलेली माणसं भराभरा खाली उतरतात आणि लाउ पा सातच्या दिशेनं चालू लागतात. त्या घोळक्यात मराठी कानावर पडतंच, आणि जरा चौकशी केली तर त्यातले दोन-चार जण तरी मूळचे केमिकल इंजिनियर निघतात. कुणी माटुंग्याच्या यूडीसीटीचे, कुणी नागपूरच्या एलआयटीचे. पदवी रसायनाची, पोट भरतं स्प्रेडशीटवर! आम्ही अजून पाइप, पंप आणि ड्रायर यांच्याच संसारात अडकलेले आहोत, त्यामुळे या मंडळींच्या पगाराबद्दल आमच्या मनात थोडी असूया आहे. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचावं.

मुद्दा असा की, या चौकात पैसा आला तो मुळात रसायनातूनच. १८५८ साली 'कमर्शियल स्क्वेअर'चं नाव बदलून रॅफल्स प्लेस झालं, तेव्हा आसपासच्या पेढ्या मिरी, गांबियर, कथील यांच्याबरोबर झाडाच्या चिकाचाही व्यापार करत होत्या. चीक दोन प्रकारचा. आधी आला तो गट्टा पर्चा. मलाय लोक त्याच्या कोयत्यांच्या मुठी करत: गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ, गार झाला की लाकडासारखा घट्ट. १८४३ साली डॉ. माँटगोमेरी यांनी त्याचे नमुने इथून पाठवले आणि थोड्याच वर्षांत युरोपला कळलं की समुद्राखालून तारेची केबल टाकायची तर तिच्यावर गुंडाळायला याच्यासारखा पदार्थ नाही. १८७१ साली मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरला जोडणारी तार आली, तीही याच चिकात गुंडाळलेली. हा चीक काढायला झाडच तोडावं लागे, त्यामुळे १८५७ च्या सुमारासच सिंगापूर बेटावरची ती झाडं जवळजवळ संपली होती. आज गट्टा पर्चा भेटतो तो दंतवैद्याकडे. आपल्यापैकी ज्यांचं रूट कॅनाल झालं आहे त्यांच्या दातात तो बसलेला आहे.

दुसरा चीक म्हणजे रबर. १८७७ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातून ब्राझिली रबराची २२ रोपं इथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये आली. १८८८ पासून बागेचे संचालक असलेल्या हेन्री रिडली यांनी झाड न मारता, सालीला तिरकी चीर देऊन रोज चीक कसा काढायचा ते शोधून काढलं. मळेवाल्यांच्या मागे लागून खिशातून रबराच्या बिया वाटत फिरणाऱ्या या गृहस्थाला लोक 'वेडा रिडली' म्हणत. पुढे मोटारी आल्या, टायर आले, १९११ साली सिंगापूरला रबराचे लिलाव सुरू झाले, आणि रबराचा जगातला भाव इथे ठरू लागला.

आता गंमत बघा. गट्टा पर्चा आणि रबर, हे दोन्ही एकाच पदार्थाचे बनलेले आहेत. पाच कार्बन आणि आठ हायड्रोजनचा आयसोप्रीन नावाचा छोटा रेणू, तो हजारोंनी एकापुढे एक जोडला की झाली साखळी. आगगाडीचे डबे जोडावेत तशी. फरक इतकाच की, गट्टा पर्चात प्रत्येक डब्याची दोन कपलिंग्ज विरुद्ध बाजूंना असतात, त्यामुळे गाडी सरळ धावते. अशा सरळ गाड्या शेजारी शेजारी चपखल बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. रबरात दोन्ही कपलिंग्ज एकाच बाजूला, त्यामुळे गाडी सतत वळत राहते, तिचा गुंता होतो. ओढला की सरळ, सोडला की पुन्हा गुंता. तोच रेणू, तेवढेच अणू, फक्त जोडायची तऱ्हा वेगळी, आणि एकाचा कोयत्याची मूठ तर दुसऱ्याचा टायर. झाड ही करामत एन्झाइमच्या साहाय्याने, साध्या तापमानाला, उन्हापावसात उभं राहून करतं. माणसाला ती जमायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

माणूस पॉलिमर करत नव्हता असं नाही. पॉलिस्टायरीन, पीव्हीसी, दुसऱ्या महायुद्धातलं कृत्रिम रबर, हे सगळं होत होतं. पण ते होत होतं बुफेच्या पद्धतीनं. आम्ही हा फरक घरच्यांना समजावताना बुफे आणि पंगत असाच समजावतो, तेव्हा तो इथेही तसाच सांगतो.

बुफेत माणसं येतील तशी येतात. कुणी आधी येऊन ताट शिगोशीग भरतो, कुणाला उशिरा येऊन रिकामी भांडी दिसतात. नेहमीच्या फ्री रॅडिकल पद्धतीत असंच होतं. एक साखळी सुरू होते, सेकंदभरात हजार डबे जोडून घेते, तेवढ्यात दुसऱ्या साखळीचं टोक तिला आपटतं आणि दोघी जागीच मरतात. मग तिसरी सुरू होते. शेवटी हातात येतो तो लांब, आखूड, मध्यम साखळ्यांचा खिचडा. बादल्या, पिशव्या, फुटपट्ट्या करायला तो पुरतो. पण साखळीच्या टोकाला काही खास जोडायचं असेल तर? टोक मिळतच नाही हातात, ते केव्हाच मेलेलं असतं.

पंगतीचं तसं नाही. सगळे एकदम बसतात, 'वदनि कवळ' एकदम होतं, वाढपी ओळीनं फिरतो, सगळ्यांना सारखं मिळतं. शंभर जिलब्या आणि दहा पानं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा, हे गणित आधीच मांडता येतं. मुख्य म्हणजे जिलब्या संपल्या तरी कुणी उठत नाही. मठ्ठा आला तर तोही घेतात. हातावर पाणी पडेपर्यंत पंगत जिवंत असते.

'जिवंत' हा शब्द आमचा नाही. १९५६ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज इथे मायकेल श्वार्त्स या पोलंडमध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो वापरला: 'लिव्हिंग पॉलिमर्स'. सोडियम आणि नॅफ्थॅलिन (होय, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांतलं) यांच्या गर्द हिरव्या द्रावणात त्यांनी स्टायरीन घातलं. द्रावण क्षणात लालभडक झालं. स्टायरीन संपलं तरी लाल रंग गेला नाही, आणि पुन्हा स्टायरीन घातल्यावर त्याच साखळ्या पुढे वाढल्या. साखळीच्या टोकाला ऋण भार असतो. दोन ऋण टोकं एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे आपटून मरण्याचा प्रश्नच नाही. योगायोग असा की, आपला वेडा रिडली शंभरी गाठून त्याच वर्षी वारला.

तो लाल-केशरी रंग आम्ही एमएस करत असताना काचेच्या बंद पेटीत हात घालून पाहिलेला आहे. एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. त्यात मेथॅनॉलचा एक थेंब टाकला की रंग चटकन उडतो, जशी पंगत उठावी.

आणि पाणी! या पद्धतीचं पाण्याशी हाडवैर आहे. एक हिशेब करून दाखवतो. दोन लाख रेणुभाराच्या साखळ्यांचं एक किलो रबर करायचं, तर त्यात साखळ्यांची टोकं असतात पाच मिलिमोल. तितकीच टोकं मारायला पाणी लागतं ०.०९ ग्रॅम. म्हणजे ड्रॉपरचे दोन थेंब. एक किलोची पंगत दोन थेंबांत उठते! ज्या सिंगापूरमध्ये हवाबंद डब्यातले पापडसुद्धा दोन दिवसांत सादळतात, तिथे कुणी हजारो टनांच्या हिशेबानं हे रबर बनवायला घेईल यावर आमचे प्रयोगशाळेतले गुरुजी हसले असते. पण घेतलं, ते पुढे सांगतो.

पंगतीचा पहिला मोठा व्यापारी फायदा शेल कंपनीनं घेतला. आधी स्टायरीन वाढायचं, ते संपलं की ब्युटाडाइन, मग पुन्हा स्टायरीन. साखळीची दोन टोकं कडक, मधला भाग लवचीक. १९६५ साली 'क्रेटॉन' नावानं हा माल बाजारात आला. बुटांच्या तळव्यांपासून रस्त्याच्या डांबरापर्यंत तो कशाकशात जातो. पण आम्हांला खरी मौज वाटते ती यापुढच्या टप्प्याची. पंगत उठवताना हातावर पाणी घालण्याऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक विडा दिला तर? म्हणजे जिवंत टोकाला, ते मरता मरता, आपल्याला हवा तो रासायनिक गट चिकटवून द्यायचा. 'फंक्शनल पॉलिमर' या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच: साखळीला नुसती लांबी नाही, तिला काम करणारा हात आहे.

हा हात हवा कुणाला होता? टायरवाल्यांना. टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे. १९९२ साली मिशेलॅं कंपनीनं त्याच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूचीच अतिसूक्ष्म पूड, घातलेला टायर आणला. गाडी रस्त्यावर घरंगळते तेव्हा टायर सतत दबतो आणि सुटतो. त्यात जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते ती मोटारीच्या इंधनाचा साधारण पाचवा हिस्सा खाते. सिलिकेनं हा तोटा कमी होतो, वर ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारते. पीआयईवर संध्याकाळच्या धो-धो पावसात ज्यांनी ब्रेक दाबला आहे त्यांना या पकडीचं मोल सांगायला नको.

अडचण एकच. सिलिकेला पाण्याची ओढ, रबर तेलकट. दोघांचं जमत नाही, सिलिकेचे कण आपापसातच गोळे करून बसतात. शिवाय रबराच्या प्रत्येक साखळीचं मोकळं टोक, पीळ सुटलेल्या सुंभासारखं, गाडी धावताना नुसतं वळवळत राहतं आणि उष्णता करतं. आता त्या टोकाला सिलिकेशी नातं जोडणारा गट बसवा. सिलिकॉनवाला म्हणा, नायट्रोजनवाला म्हणा. टोक सिलिकेच्या कणाला धरून बसतं, वळवळ थांबते, गोळे सुटतात. त्या गटाचं वजन किती, तर किलोमागे जेमतेम ग्रॅमभर. हजार ग्रॅममधला हा एक ग्रॅम बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचा भाव ठरवतो! आणि तो बसवायचा तर शेवटपर्यंत टोक जिवंत हवं. बुफेवाल्यांचं हे काम नव्हे.

२०१२ च्या नोव्हेंबरपासून युरोपात टायरवर इंधन बचत आणि ओली पकड यांचं लेबल सक्तीचं झालं. आणि २०१३ साली आसाही कासेई या जपानी कंपनीचा या जातीच्या रबराचा, म्हणजे द्रावणात केलेल्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचा, वर्षाला पन्नास हजार टनांचा कारखाना जुरॉंग बेटावर सुरू झाला. त्याच सुमारास झिऑन आणि सुमितोमो केमिकल यांनीही तिथेच असे कारखाने काढले. जुरॉंग बेट म्हणजे सात लहान बेटांमध्ये भर घालून केलेलं एक मोठं बेट. नाफ्था फोडून निघणारं ब्युटाडाइन तिथेच पाइपनं मिळतं, टायरचे कारखाने थायलंड, चीन, भारत असे भोवताली आणि बंदर दाराशी. दमट हवेचं काय? सगळं बंद भांड्यांत, कोरड्या नायट्रोजनखाली. सॉल्व्हंट आणि मोनोमर, दोन्हींतलं पाणी आधी काढून टाकायचं, दशलक्षातल्या दोन-चार भागांवर आणायचं. शेवटी रबर तयार झाल्यावर तेच सॉल्व्हंट वाफेनं हाकलायचं, म्हणजे पुन्हा पाण्यातच बुडवायचं. अशा प्लँटचे ड्रायर पाहण्यात आमच्या उमेदीची काही वर्षं गेली. तिथला ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडण्याआधी ज्या नजरेनं आर्द्रतेचा आकडा बघतो ती नजर पाळण्यातल्या बाळाचा ताप पाहणाऱ्या आईची असते.

या टायरना सगळे 'ग्रीन' म्हणतात. शब्द आमच्या घशाखाली पूर्ण उतरत नाही. इंधन वाचतं हे खरं. पण टायर झिजतो आणि त्याची भुकटी पाण्यात जाते हेही खरं. टायर ओझोननं तडकू नये म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सॅमन मासे मारतो, हे २०२० साली सिद्ध झालं. टोकाला हात बसवणाऱ्यांनी या झिजेकडेही बघायला हवं.

आता भारताकडे येऊ, कारण 'आपल्याकडे यातलं काही नव्हतंच' असा समज इथे फार आहे. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, १९५० सालची. माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये तिथे आले आणि पुढे संचालक झाले. पॉलिमर आणि जेल हा त्यांचा प्रांत. १९८८ मध्ये बडोद्याहून आयपीसीएल सोडून डॉ. स्वामिनाथन शिवराम आले, तेही पुढे संचालक झाले. ॲक्रिलिक जातीच्या मोनोमरची पंगत घालणं अवघड असतं. तिथलं जिवंत टोक वाढलेलं खाण्याऐवजी शेजाऱ्याच्या पानातच हात घालतं, म्हणून सगळं उणे सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत थंड ठेवण्याची धडपड करावी लागते. शिवराम यांच्या गटानं नव्वदच्या दशकात दाखवलं की, लिथियम परक्लोरेटसारखं साधं क्षार घातलं तर ही टोकं शिस्तीत वागतात. म्हणजे शास्त्र पुण्यात होतं आणि माणसंही होती. हजारो टनांचा कारखाना मात्र कोरड्या पुण्यात न होता दमट जुरॉंगमध्ये झाला. याची कारणं रसायनात नाहीत: ती ब्युटाडाइनच्या पाइपात, बंदरात आणि दहा वर्षं थांबायची तयारी असलेल्या भांडवलात आहेत. म्हणजे थोडीफार रॅफल्स प्लेसमध्येच आहेत! तिथे बसलेल्या आमच्या केमिकल इंजिनियर मित्रांनी कर्जाचा कागद वाचताना ही रसायनं ओळखली, तर त्यांची पदवी वाया गेली असं आम्ही म्हणणार नाही.

पाण्याचा हा सोवळेपणा टाळता येईल का, यावर जगभर खटपट झाली. युक्ती अशी: रॅडिकल हे भांडकुदळ पाहुणे आहेत, दोन समोरासमोर आले की संपलंच. तर त्यांना बहुतेक वेळ झोपवून ठेवायचं. एकाला उठवायचं, दोन घास भरवायचे, पुन्हा झोपवायचं. जागे असलेले इतके थोडे की भांडण सहसा होत नाही, आणि सगळे सारखे वाढतात. १९९५ साली पिट्सबर्गला मात्याशेव्स्की (हेही पोलंडचेच) यांनी तांब्याच्या क्षारानं आणि जपानात क्योटोला सावामोतो यांनी रुथेनियमनं हे जमवलं. १९९८ साली मेलबर्नच्या सीएसआयआरओ संस्थेतून 'राफ्ट' नावाची पद्धत आली. तीत झोपवायचं काम गंधकयुक्त रेणू करतो. ही टोकं पाण्याला भीत नाहीत.

राफ्टच्या तीन जनकांपैकी सॅन थॅंग यांची हकिकत आपल्यासारख्या परदेशी आलेल्यांनी ऐकण्याजोगी आहे. सायगॉनमध्ये जन्म, तिथे रसायनाचं शिक्षण. युद्ध संपल्यावर देश सोडला आणि १९७९ साली निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आले. तिथे पुन्हा विद्यार्थी होऊन पीएचडी केली. आपण एच-वन किंवा एम्प्लॉयमेंट पासच्या कागदपत्रांनी वैतागतो तेव्हा आम्हांला हे गृहस्थ आठवतात.

सिंगापूरमध्येही या झोपवण्याच्या शास्त्रावर काम झालेलं आहे. क्योटोहून २०१५ मध्ये इथल्या एनटीयूत आलेले प्रा. आत्सुशी गोतो यांनी धातूऐवजी आयोडीन आणि साधे सेंद्रिय उत्प्रेरक वापरून हेच साधलं. जखमेवर लावायचं आयोडीन! तांब्याचा अंश मालातून काढत बसायची कटकट नाही. अशा पॉलिमरची एक बाजू रंगाच्या कणाला धरते, दुसरी द्रवात मोकळी राहते, आणि शाई किंवा रंग गोळा होत नाही. औषध पोटात घेऊन फिरणाऱ्या अतिसूक्ष्म पुड्या, जंतू चिकटू न देणारे लेप, ही पुढची स्वप्नं. त्यांतली काही प्रत्यक्षात उतरायला वेळ लागेल असं आमचं मत, कारण प्रयोगशाळेतला ग्रॅम आणि कारखान्यातला टन यांच्यामध्ये आमच्यासारख्यांची अर्धी हयात जाते.

एवढं सगळं करूनही विमानाचा आणि मोठ्या ट्रकचा टायर झाडाच्या रबराशिवाय होत नाही. आयसोप्रीनपासून कृत्रिम रबर १९५० च्या दशकातच करता आलं, कपलिंग्जची दिशाही अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत बरोबर जमवता आली, पण ताणल्यावर झाडाच्या रबराला जी ताकद येते ती पुरती येईना. जपानमधले यासुयुकी तानाका यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि झाडाच्या साखळीची टोकं तपासली. एका टोकाला फॉस्फेट, त्याला लगडलेली स्निग्ध द्रव्यं. दुसऱ्या टोकाशी पहिले दोन डबे चक्क गट्टा पर्चासारखे उलट कपलिंगचे, आणि त्यापलीकडे प्रथिनांशी नातं. ही टोकं एकमेकांना धरून रबरात नैसर्गिक जाळं विणतात. म्हणजे टोकाला विडा द्यायची रीत झाड फार आधीपासून पाळत होतं.

सिंगापूरच्या एक्स्चेंजवर रबराचे सौदे होतात ते अजून किलोला अमुक सेंट या भावानं, आणि त्यात साखळीच्या टोकाचा वेगळा रकाना नाही. जुरॉंग बेटावर पासाशिवाय सोडत नाहीत. पण रबराचं झाड बघायला बोटॅनिक गार्डनमध्ये कुणीही जाऊ शकतं, तिकीटही लागत नाही. मुलांना न्यायचं तर सकाळी लवकर न्यावं, दहानंतर घामानं जीव नकोसा होतो.